शेवटच्या कुंडीतलं पाणी

काटेबाईंच्या हातात काहीही द्या, त्या वजन सांगत. भाजीची पिशवी, टपालाचं पाकीट, शेजारणीचं तान्हं बाळ. हातात घेऊन जरा वरखाली करत, डोळे किलकिले करत आणि म्हणत, "चार किलो सहाशे." मग खात्रीसाठी काट्यावर ठेवलं, तर दहा-वीस ग्रॅमचा फरक निघाला तर निघाला. तेव्हाही त्यांना संशय यायचा तो काट्याचा.

एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. गावाबाहेरच्या पीक संशोधन केंद्रात एक लांबलचक काचघर होतं. तिथे कुंड्यांत पिकं वाढवायची आणि मग त्यांचे पद्धतशीर हाल करायचे, असा सगळा कारभार. एका बाजूच्या कुंड्यांचं पाणी तोडायचं, दुसऱ्या बाजूच्यांना मिठाचं पाणी पाजायचं, आणि कोण किती दिवस तग धरतं ते लिहून ठेवायचं. काटेबाईंचं काम सकाळी साडेसहाला सुरू व्हायचं. एकेक कुंडी उचलून काट्यावर ठेवायची. कालच्यापेक्षा जितकी हलकी भरली तितकं पाणी गेलं. ज्यांना द्यायचं त्यांना मापाने तेवढंच परत द्यायचं, आणि ज्यांना द्यायचं नाही त्यांच्याकडे न बघता पुढे जायचं.

हे न बघता पुढे जाणं त्या फार महागात शिकल्या होत्या. नोकरीच्या पहिल्याच हंगामात एका ज्वारीच्या रोपाने इतकी मान टाकली, की त्यांना राहवेना. कुणी नाही असं बघून त्यांनी पेलाभर पाणी ओतलं. रोप वाचलं, आणि चार महिन्यांचा प्रयोग कचऱ्यात गेला. तेव्हाचे मोठे साहेब ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, इथे दया दाखवायची नसते, मोजायची असते." त्या दिवसानंतर काटेबाईंच्या हातून एक थेंब जास्त पडला नाही, आणि ते रोप त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

तहानलेलं रोप ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. पाणी कमी पडलं की झाड पानावरची बारीक छिद्रं मिटून घेतं. आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. पण वाफ बाहेर पडली नाही की पान थंडही होत नाही, तापतं. केंद्रात ते मोजायला कॅमेरे होते. काटेबाई पालथा हात पानाला लावत, लेकराचा ताप बघावा तसा, आणि सांगत, "हिने दार लावलंय."

मिठाच्या रांगेत आणखीच वेगळा प्रकार. चिवट जातीचं झाड आत शिरलेलं मीठ खालच्या जुन्या पानांत नेऊन साठवतं. ती पानं कडेकडेने करपत जातात आणि गळतात. शेंड्याचं कोवळं पान मात्र हिरवंगार राहतं. हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा त्यांची ताई म्हणाली होती, "मग त्यात नवल ते काय? मोठ्यांनी आणखी करायचं तरी काय असतं?"

ताई त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा काटेबाई तीन वर्षांच्या होत्या. तिथून पुढे ताईनेच त्यांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, एकदा लग्न करून दिलं आणि दोन वर्षांनी ते मोडल्यावर एक शब्द न विचारता परत घरात घेतलं. स्वतःचं लग्न ताईने केलं नाही. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचे डोळे गेले. आता ती दोन खोल्यांच्या घरात खुर्चीवर बसून रेडिओ ऐकायची, हाताने चाचपत सगळं करायची, आणि सत्तरी ओलांडल्यावरही काटेबाईंना "धाकटे" म्हणायची. शेजारी पाहुण्यांना सांगत, "ह्यांच्याकडे धाकटी आहे ती सत्तावन्न वर्षांची."

त्या वर्षी काटेबाईंचे पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी कागद बघितला, मग काटेबाईंकडे बघितलं आणि सांगितलं, "मीठ बंद. पाणी दिवसाला एक लिटर. चहा, दूध, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यात धरायचं. रोज सकाळी वजन करायचं. आज वजन जास्त भरलं तर समजायचं, काल पाणी जास्त झालं."

काटेबाईंना हसूच आलं. म्हणजे आता आपण कुंडी झालो! डॉक्टरांना वाटलं, बाईंना गांभीर्य कळलेलं नाही. कळलं होतं. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा असा घट्ट धरला होता की हाताला गंज लागला.

ताईला सांगायचं नाही, हे त्यांनी बसमध्येच ठरवलं. तिला सांगितलं असतं तर तिने अन्नपाणी सोडलं असतं, आणि ह्या वयात तिच्या अंगात सोडायला उरलं होतं काय? त्यांनी एक बाटली केली. दोघींचा दोनदा चहा होई, तेवढा वगळून दिवसाला आठशे ग्रॅम पाणी. पाणी त्या ग्रॅममध्येच मोजत, सवयीने. घसा दुपारपासूनच वाळूसारखा व्हायचा, जीभ टाळूला चिकटायची. पण घरी आल्यावर आवाज नेहमीचाच. "काय ताई, आज कुणाकुणाची वरात काढली रेडिओने?"

त्याच आठवड्यात काचघरात नवा प्रयोग लागला. प्रयोग मॅडमचा. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या शास्त्रज्ञ, चाळिशीच्या, बोलायला तुटक पण मनाच्या सरळ. त्यांनी सात कुंड्या एका रांगेत ठेवल्या आणि मक्याची सहा रोपं अशी लावली, की प्रत्येकाची अर्धी मुळं ह्या कुंडीत आणि अर्धी पुढच्या कुंडीत. म्हणजे शेजारच्या दोघांची मुळं मधल्या कुंडीत एकत्र. ही रांग उचलता येणार नव्हती, म्हणून प्रत्येक कुंडीखाली एक चपटा काटा कायमचा बसवला होता. काटेबाईंना ते मुळीच आवडलं नाही. हातात न घेता वजन सांगणारा काटा त्यांना परका वाटायचा.

सोमवारी मॅडमने सांगितलं, "पहिल्या कुंडीचं पाणी बंद. बाकी सहा भरपूर भिजवा."

बुधवारी सकाळी काटेबाईंनी पहिल्या रोपाला पालथा हात लावला. तापलं होतं. ते अपेक्षितच होतं. दुसरं तापलं होतं, तिसरंही. मग त्या रांगेच्या टोकाला गेल्या. शेवटच्या रोपाच्या दोन्ही कुंड्या इतक्या ओल्या होत्या की बोट बुडत होतं. त्यांनी पानाला हात लावला आणि झटकन काढला.

"मॅडम, हिनेही दार लावलंय."

मॅडमने यंत्र लावून बघितलं. छिद्रं मिटलेली. "मुळांतून निरोप गेला," त्या म्हणाल्या. "पहिल्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटच्याला तहान नाहीच. पण येणार आहे असं त्याला कळलंय."

"कुणी सांगितलं ते कळलं, पण काय बोलून सांगितलं?"

"ते कळलं असतं तर मी इथे कशाला असते?" मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी काचघरात एरवीसारखाच पंख्यांचा घुमारा होता. तरी काटेबाईंना रांगेजवळ उभं राहवेना. सहा रोपं, एकही हलत नाही, आणि सगळ्यांना काहीतरी ठाऊक.

संध्याकाळी त्या घरी आल्या. ताईजवळ नेहमी दोन किलोचा भरलेला जग असायचा. तिला पाणी लागायचंही खूप, रात्रीपर्यंत तळ दिसायचा. त्या दिवशी झोपायच्या वेळी जग उचलला तर हाताला जड लागला.

"ताई, पाणी प्यायली नाहीस?"

"प्यायले की. लागलं तेवढं प्यायले."

काटेबाईंनी स्वयंपाकघरात जग काट्यावर ठेवला. हा काटा केंद्राने मोडीत काढलेला, त्यांनी मागून आणलेला. जगाचं वजन वगळून आत बाराशे ग्रॅम पाणी होतं. म्हणजे आठशे गेलं. त्या काट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, असतं कधीकधी.

दुसऱ्या दिवशी कामाच्या धांदलीत त्यांच्याच बाटलीत थोडं उरलं. साडेसहाशे प्यायल्या होत्या. घरी आल्या आणि पायातल्या चपला न काढता जग काट्यावर ठेवला. तेराशे पन्नास उरलं होतं. साडेसहाशे गेलं होतं.

केंद्र घरापासून बसने पाऊण तास लांब. ताईला दिसत नाही. बाटली तिला ठाऊक नाही. काटेबाईंच्या अंगावर काटा आला. पण ही बाई एकतीस वर्षं प्रयोगाच्या कुंड्या सांभाळणारी, घाबरली तरी आधी पडताळा घेणारी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाचशेच घेतलं. घसा इतका सुकला की बसमध्ये कंडक्टरला थांब्याचं नाव सांगता येईना, बोट दाखवावं लागलं. घरी आल्या. जगात दीड किलो पाणी होतं, एका ग्रॅमचा फरक नाही.

त्यांनी ताईच्या गालाला पालथा हात लावला. गाल तापला होता.

"काय होतंय ग तुला?"

"कुठे काय? तहानच लागत नाही हल्ली." ताईचे ओठ सोललेले होते आणि ती शांतपणे हसत होती. "म्हातारपण. दुसरं काय?"

गल्लीतल्या डॉक्टरांनी ताईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. ते काटेबाईंना दाराशी बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले, "ह्यांना पाणी पाजा. काहीही करा, पण पाजा. असं आणखी आठ दिवस चाललं तर मग माझ्या हातात काही नाही."

पाजायचे सगळे प्रयत्न झाले. शेजारीण सरबत घेऊन आली, ताईने तिचा मान राखून एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. दटावून झालं, लाडीगोडी झाली. ताई बिचारी आडमुठेपणा करत नव्हती. तोंडात घेतलेलं पाणी तिला गिळताच येत नव्हतं. मग काटेबाईंनी एक युक्ती केली. ताईच्या समोर बसून रिकामा पेला तोंडाला लावला आणि मोठ्याने घुटघुट आवाज केला. "हे बघ, मी पण पितेय. आता तू घे."

ताईने मान वळवली. तिचे डोळे काटेबाईंच्या जरा वरून भिंतीकडे बघत होते.

"रिकाम्या पेल्याने काय होणार, धाकटे?"

काटेबाईंनी पेला जमिनीवर ठेवला.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. काय करतोय हे पूर्ण कळत असताना त्यांनी भांड्यातून दोन पेले पाणी काढलं आणि उभ्याउभ्या, आवाज न करता पिऊन टाकलं. आठवड्याची तहान होती. ते पाणी इतकं गोड लागलं की डोळे भरून आले. आणि बाहेरून ताईची हाक आली.

"धाकटे, पाणी दे ग पटकन. एकदम घसा कोरडा पडला बघ माझा."

ती दोन पेले घटाघटा प्यायली. दुसऱ्या दिवशी काटेबाई दोन किलो प्यायल्या, ताईनेही जगाचा तळ दाखवला. तिसऱ्या दिवशी ताईचा गाल गार होता, ओठ मऊ होते आणि ती रेडिओवरच्या बाईची नक्कल करत होती. काटेबाईंचे पाय मात्र चपलेत मावत नव्हते. बसच्या दोन पायऱ्या चढून त्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या, श्वास घेता येईना. त्या तशाच रुग्णालयात गेल्या. वजन तीन किलोने वाढलं होतं.

"पुन्हा असं केलंत तर पुढच्या वेळी तुम्ही चालत येणार नाही," मूत्रपिंडाचे डॉक्टर म्हणाले. त्यांना कशाचा राग आला होता ते काटेबाईंना समजत होतं. पण त्यांना सांगायचं तरी काय?

एकीने प्यावं तर दुसरी जगते आणि पहिली जाते. एकीने न प्यावं तर पहिली राहते आणि दुसरी वाळते. काटेबाई पुन्हा आठशेवर आल्या. त्याच संध्याकाळी ताईने पेला दूर सारला. "नको ग. आता लागत नाहीये."

दोन दिवसांनी, म्हणजे प्रयोगाच्या सोळाव्या दिवशी, मॅडमने त्यांना काचघरात बोलावलं. हातात वजनांची वही होती, तोंड गंभीर.

"काटेबाई, पहिल्या कुंडीला पाणी दिलंत?"

"नाही."

"दिवसभर वजन घटतं. आणि रोज सकाळी ते काल संध्याकाळपेक्षा जास्त भरतं. नऊ ग्रॅम, अकरा ग्रॅम, पुन्हा नऊ. सोळा दिवस ह्या कुंडीत थेंब पडलेला नाही, तर हे आलं कुठून? मला खरं सांगा. दया आली का?"

एकतीस वर्षांपूर्वीचा तो पेला काटेबाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. काटेबाई चिडल्या. "मॅडम, माझी दया मी घरी ठेवून येते. कुलूप घाला काचघराला. किल्ली तुमच्याकडे ठेवा."

मॅडमने खरंच तसं केलं. कुंड्यांची तोंडं प्लास्टिकने बंद केली, वर चिकटपट्टी लावून सही केली. संध्याकाळचं वजन स्वतः लिहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. सकाळी दोघींनी मिळून दार उघडलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. पहिली कुंडी दहा ग्रॅमने जड झाली होती. सातवी, शेवटची, दहाहून थोडी जास्तच हलकी.

 मॅडम स्टुलावर बसल्या. "माझं चुकलं, काटेबाई. असं होतं हे वाचलं होतं मी, पण एकाच झाडात. ओल्या बाजूची मुळं पाणी ओढतात आणि कोरड्या बाजूच्या मुळांतून ते मातीत पाझरतं. इथे सहाजणींनी हातोहात पुढे दिलंय. शेवटच्या कुंडीतलं पाणी पहिलीत येतंय."

"म्हणजे निरोप इकडून तिकडे गेला..."

"आणि पाणी तिकडून इकडे आलं."

काटेबाई रांगेच्या टोकाला गेल्या. शेवटच्या रोपाच्या पानाला पालथा हात लावला. पान गार होतं. पहिल्या रोपाकडे आल्या. त्याची खालची दोन पानं पार वाळली होती. शेंड्याचं नवीन पान गार होतं. त्यांनी मॅडमकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. एवढ्या वर्षांत मागितलेली बहुधा चौथी.

घरी ताई खुर्चीत बसली होती. रेडिओ बंद होता. भर दुपारी खोलीत इतकी शांतता होती की काटेबाईंना आधी वेगळीच भीती वाटली. मग ताईची मान हलली.

"लवकर आलीस?"

काटेबाई तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. मूत्रपिंडं, एक लिटर, बाटली, रिकामा पेला, सुजलेले पाय. जगाचं रोजचं वजनही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज सरळ होता, वही वाचून दाखवावी तसा.  ताईचा तापलेला हात काटेबाईंच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला.

"मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "आईशप्पथ नव्हतं. नुसती तहान लागत नव्हती."

"माहीत आहे."

"तू लहान होतीस ना, तेव्हा तापात पाणी घ्यायची नाहीस. मग मी आधी प्यायचे. मी प्यायले की तू प्यायचीस." तिने काटेबाईंचे केस चाचपले. "तुला किती चालतं म्हणालीस?"

"एक लिटर. सगळं धरून."

"आणि मला?"

"तुला हवं तेवढं."

"मग आण इकडे तो जग. तू पिऊ नकोस. नुसती बस अशी, हात धरून."

काटेबाईंनी पेला भरून तिच्या हातात दिला. ताईने तो तोंडाला लावला. पहिला घोट तिला जाईना. घशाशी अडला, ती ठसकली, पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. काटेबाईंनी पेला घ्यायला हात पुढे केला तर तिने तो दूर ढकलला. दुसरा घोट तिने डोळे घट्ट मिटून, औषध घ्यावं तसा गिळला. मग तिसरा. एका हाताने तिने काटेबाईंचं मनगट पकडलं होतं, आणि प्रत्येक घोटाबरोबर ती पकड घट्ट होत होती. पेला संपला. तिने तो पुढे केला, पुन्हा भरायला.

दुसऱ्या पेल्याच्या मध्यावर कधीतरी काटेबाईंच्या लक्षात आलं, की आपली जीभ टाळूपासून सुटली आहे.

त्यांनी आवंढा गिळला. सहज गेला. इतके दिवस घशात बसलेली वाळू कुठे जाणवेना. त्या हलल्या नाहीत. हललं तर हे थांबेल अशी त्यांना भीती वाटली. समोर ती आंधळी म्हातारी घोट घोट पाणी पीत होती, भिंतीकडे बघत, आणि इथे ह्यांची तहान उतरत होती. सातव्या पेल्यानंतर ताईने जग हलवून बघितला. रिकामा झाला होता.

"धाकटे, भागली का ग?" तिने विचारलं.

 काटेबाईंनी पालथा हात ताईच्या गालाला लावला. गाल गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. कालच्याइतकंच, एक ग्रॅमही जास्त नाही. मग त्यांनी ओट्यावरची कालची बाटली उचलली, हातात जरा वरखाली केली. तीनशे ग्रॅम पाणी तसंच राहिलं होतं. ते प्यायचं त्यांना आठवलंच नव्हतं.